लेसर झालं, चष्मा तसाच

माझ्या उजव्या डोळ्याला दिवाळीनंतर लेसर झालं आणि चष्मा नाकावर होता तिथेच आहे. नंदुरबारच्या लोकांना हे काही केल्या पटत नाही. बँकेत पासबुक पुढे सरकवता सरकवताच विचारणा होते, "मॅडम, लेसर केलं म्हणत होते ना?" शेजारच्या काकूंनी तर निदानच करून टाकलं, "डॉक्टरनी फसाडं तुले."

फसवलं कोणी नाही. गेले होते चष्मा घालवायलाच. उजवा डोळा मायनस अकरा, डावा साडेदहा. मायनस अकरा म्हणजे चष्म्याशिवाय मला स्वच्छ दिसणारं जग डोळ्यापासून साधारण नऊ सेंटीमीटरवर संपतं. काच महागातली, पातळवाली घेतली तरी कडा जाडच राहते आणि काचेमागचे डोळे बारीक दिसतात. लग्न जमवायच्या काळात फोटोवाल्याला आईचं एकच सांगणं असे, "चष्मा काढून घ्या हो." ते दिवस गेले. आता त्रास वेगळा आहे. तोरणमाळला पावसाळ्यात गेलं की काचेवर धुकं बसतं. थंडीत गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लाल होतात आणि वारं फिरलं की सगळं गाव ठसकतं. तेव्हा चष्मा काढून डोळे पुसायचे, तर पुसेपर्यंत रस्ताच नाहीसा होतो. शिवाय वय अडतीस. चाळिशी लागायच्या आत काय ते करून टाकावं, असं मनाने घेतलं. ज्याला विचारावं तो सुरत सांगत होता, म्हणून सुरत.

तपासणीआधी काही दिवस कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवायला सांगितली होती. लेन्सने बुबुळाचा आकार तात्पुरता बदलतो आणि माप चुकतं. मग एकामागून एक यंत्रांसमोर हनुवटी टेकवणं झालं आणि शेवटी सर्जनबाईंनी कागदावर वजाबाकी मांडली. माझ्या बुबुळाची जाडी 505 मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. लासिकमध्ये वरचा पापुद्रा उचलतात, त्याचे 110 गेले. सहा मिलिमीटर रुंदीचा भाग घासायचा तर एका नंबरामागे ढोबळमानाने 12 मायक्रॉन लागतात. अकरा नंबरांचे 132 गेले. उरले 263. पापुद्र्याखाली 250 तरी राहिलेच पाहिजेत ही किमान रेघ, आणि बरेच सर्जन 300 धरून चालतात. शिवाय प्रत्यक्षात यंत्र हिशोबापेक्षा थोडं जास्तच खातं. बुबुळ फार पातळ झालं तर डोळ्यातल्या दाबाने ते पुढे फुगत जातं, आणि मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. "करणारे भेटतील," बाई म्हणाल्या, "मी करणार नाही." मला त्या तिथेच आवडल्या. पापुद्रा न उचलता आतली चकती काढून घेण्याची नवी पद्धतही आहे, पण मांस तिथेही काढावंच लागतं.

लासिकच्या लेसरची जन्मकथा मी परतताना गाडीत वाचत आले. रंगस्वामी श्रीनिवासन हे मद्रासमध्ये जन्मलेले आणि तिथेच शिकलेले रसायनशास्त्रज्ञ, आयबीएमच्या न्यूयॉर्कजवळच्या प्रयोगशाळेत काम करत होते. 1981 च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी घरच्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं मांस प्रयोगशाळेत नेलं आणि त्यावर एक्सायमर लेसर सोडला. साधा लेसर मांस जाळत होता. हा 193 नॅनोमीटरचा अतिनील किरण मात्र कडा न करपवता नेमका तेवढाच थर उडवत होता. जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम हे त्यांचे जोडीदार. पुढे न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी हे बुबुळासाठी वापरता येईल हे ओळखलं आणि 1983 मध्ये श्रीनिवासन यांच्यासोबत त्यांचा निबंध आला. त्याच्या कितीतरी आधी बोगोटाचे होसे बाराकेर बुबुळाची चकती कापून, गोठवून, लेथवर घासून परत डोळ्यावर बसवत होते! ते वाचल्यावर आपल्याला नाही म्हणणारी डॉक्टर भेटली याचं मला फारच बरं वाटलं.

पण खरी गोष्ट त्याआधी, त्या नकारानंतर लगेच घडली. "आलाच आहात तर पडदा बघून घ्या," असं म्हणून बाईंनी मला शेजारच्या खोलीत पाठवलं. थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, पडद्याच्या डॉक्टरांनी कपाळावर दिवा बांधला आणि पापणीवरून दाबत दाबत डोळ्याच्या पार कडेपर्यंत पाहिलं. उजव्या पडद्याची कड जुन्या धोतरासारखी विरली होती आणि त्या विरलेल्या जागी एक बारीकसं भोक होतं. त्याच दिवशी त्याभोवती लेसरचे टिपके मारून घेतले. तेच माझं लेसर. यंत्र वेगळं, जागा वेगळी, काम वेगळं. भोकातून पाणी शिरून पडदा सुटू नये म्हणून मारलेलं ते कुंपण. नंबराशी त्याचा काही संबंध नाही.

डॉक्टरांनी जे समजावलं ते मला इतक्या वर्षांत कोणत्याही चष्मेवाल्याने सांगितलं नव्हतं. बहुतेक मोठे नंबर डोळ्याच्या लांबीमुळे येतात. साधारण डोळा मागेपुढे 24 मिलिमीटर असतो, माझा 28 च्या पुढे आहे. डोळा लांबला की आतला पडदा ताणला जातो, पातळ होतो. लासिक पुढचं बुबुळ घासून प्रकाश मागे नेमका पाडतं. लांबी आहे तेवढीच राहते. म्हणजे चष्मा गेलेला मायनस अकराचा माणूस हा पडद्याच्या दृष्टीने मायनस अकराचाच असतो, फक्त ते आता कोणाला दिसत नाही, त्याला स्वतःलाही नाही. पुढे डोळ्यात अचानक काळे ठिपके वाढले, कडेला वीज चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूने पडदा सरकतोय असं वाटलं, तर हातात फार वेळ नसतो.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आमचा जिल्हा आला. 1998 मध्ये धुळ्यापासून वेगळा झाला, 2020 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आलं. तरी मोलगी-धडगावचा माणूस घाट उतरून नंदुरबारला पोहोचेतो अर्धा दिवस जातो, आणि तिथून सुरत रेल्वेने आणखी तीनेक तास. चष्मा घालवायच्या जाहिराती मात्र मोबाईलवर धडगावलाही पोहोचतात. त्या जाहिरातीत पडद्याचं नाव मी अजून वाचलेलं नाही.

माझ्या भाच्याने ही सगळी कथा ऐकली आणि विचारलं, "मावशी, माझा साडेतीनच आहे, माझं तर होईल ना?" बहुधा होईल. वय बावीस, नंबर स्थिर, बुबुळ जाड निघालं तर अडचण नाही. अडचण दुसरीच आहे. तो सहाय्यक लोको पायलटच्या परीक्षेला बसतोय. त्या पदाला चष्म्याशिवाय 6/6 दृष्टी लागते आणि लासिक केलेला उमेदवार चालत नाही. चष्मा ठेवला तरी नापास, घालवला तरी नापास. रेल्वेत दुसरी पदंही असतात, असं मी त्याला सांगितलं. त्याने ते फारसं ऐकलं नाही.

मला सर्जनबाईंनी सुचवलंय ते आयसीएल. बुबुळ न घासता, डोळ्यातलं स्वतःचं भिंग तसंच ठेवून, त्याच्यापुढे आणि बाहुलीच्या मागे एक पातळ लेन्स बसवायची. गरज पडली तर काढता येते. त्यासाठी डोळ्यात पुढे पुरेशी जागा हवी. ती माझ्याकडे आहे. वर्षाकाठी तपासणी चुकवायची नाही, कारण दाब वाढण्याचा आणि लवकर मोतीबिंदू होण्याचा थोडा धोका राहतो. जवळचं वाचायला दोन-चार वर्षांत चष्मा लागेलच, कदाचित आधीच. आणि खर्च लासिकपेक्षा बराच जास्त. मिरचीच्या दिवसांत करायचं नाही एवढं मी माझ्यापुरतं ठरवलंय. ऑपरेशननंतर डोळा चोळायचा नाही म्हणतात, आणि पथारीच्या वाऱ्यात न चोळणारा माणूस मी पाहिलेला नाही.

खर्चाचं मात्र एक गमतीचं दार सापडलं. आरोग्य विम्यात चष्मा घालवण्याचा खर्च मिळत नाही असं आपण धरून चालतो. प्रमाणित अटींमध्ये वगळलेला आहे तो साडेसातपेक्षा कमी नंबराचा खर्च. त्याच्या वरचा माणूस दावा करू शकतो. इतकी वर्षं वाढत गेलेला नंबर पहिल्यांदाच माझ्या बाजूने उभा राहिला. मी एजंटला बोलावलं. त्याने पॉलिसी चाळली, मान डोलावली आणि विचारलं, "पण मॅडम, नंबर साडेसातच्या वर आहे याला पुरावा?"

मी चष्मा काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो लावून पाहिला, घाईघाईने काढला आणि म्हणाला, "लेखी पाहिजे."