तुलना म्हणजे दक्षता नव्हे

‘इतर आईबाप काय करतात ते बघितल्याशिवाय आपण कुठे कमी पडतोय हे कळणार कसं?’ पालकांच्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो आणि बऱ्याच माना डोलतात. तुलनेच्या बाजूने तीन मुद्दे मांडले जातात. तुलनेमुळे मुलाचं मागे पडणं वेळेत लक्षात येतं. दुसऱ्याचं पाहून आपल्यालाही चांगले पालक होण्याची ईर्षा येते. आणि चार माणसांत राहायचं तर तुलना टळत नाही. मुद्दे शहाणपणाचे वाटतात, म्हणूनच ते एकेक करून तपासले पाहिजेत.

पहिला मुद्दा दक्षतेचा. लसीकरणाच्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावर थोडा वेळ बसून बघावं. एक बाळ बाकाला धरून उभं असतं, शेजारचं आईच्या मांडीवर. ‘कितवा महिना?’ ‘नववा.’ ‘आमच्याला दहावा लागला, अजून रांगतही नाही.’ लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘तुम्ही नोकरीला जाता का?’ बाळाविषयी चाललेलं बोलणं एका वाक्यात आईवर येऊन ठेपतं आणि ती स्वतःला दोष देत घरी जाते.

तिला कुणीतरी हे सांगायला हवं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांच्या हालचालींच्या नोंदी घेऊन २००६ मध्ये त्यांचे निष्कर्ष दिले. आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने इतका पसरट निघाला. सुमारे चार टक्के बाळं तर हातापायांवर रांगलीच नाहीत. म्हणजे नवव्या महिन्यात चालणारं बाळ आणि सोळाव्या महिन्यात चालणारं बाळ, दोघंही ठणठणीत असू शकतात. शेजारच्या एका बाळावरून यातलं काहीच कळत नाही. उलट, दोन्ही बाळं मागे असली तर तुलना खोटा दिलासा देते. शंका आली तर डॉक्टरांना विचारावं. अंगणवाडीतल्या वाढीच्या आलेखावर आपल्याच बाळाची रेघ महिन्यागणिक कुठे चालली आहे ते पाहावं. खरी दक्षता ती.

दुसरा मुद्दा ईर्षेचा. दुसऱ्या घरातलं आपल्याला फक्त फळ दिसतं. त्यामागची आजी, कामाच्या वेळा, घरातला पैसा, त्या मुलाचा मुळातला स्वभाव दिसत नाही. बदलापूरहून रोज लोकलने मुंबईत कामाला जाणारा बाप रात्री नऊला घरी पोचतो. संध्याकाळी सहाला मुलीला पोहायला नेणाऱ्या बापाशी त्याने स्वतःला ताडून पाहिलं तर त्याच्या वाट्याला अपराधीपणच येणार. मग तो अपराध फेडायला रविवारी दोन क्लास लावले जातात आणि बापलेकीला मिळणारा एकमेव मोकळा दिवसही जातो. सकाळी तिची वेणी घालताना होणाऱ्या दहा मिनिटांच्या गप्पा मात्र त्याच्या हिशेबात धरल्याच जात नाहीत, कारण शेजारच्या बापाकडे तसलं काही दिसत नाही. ईर्षा आईबापांना पळवते, पण दमतं मूल.

तिसरा मुद्दा सगळ्यांत बळकट आहे आणि त्यातलं खरं ते मान्य केलंच पाहिजे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी १९५४ मध्ये मांडलं की स्वतःची कुवत अजमावायला वस्तुनिष्ठ माप हाताशी नसलं की माणूस इतरांकडे बघून स्वतःला जोखतो. पालकपणाला गुणपत्रिका नाही, निकालाची तारीखही नाही, म्हणून नजर शेजारी वळते. पण मनात तुलना येणं वेगळं आणि तिच्या सांगण्यावरून घरातले निर्णय घेणं वेगळं. पहिलं आपल्या हातात नाही, दुसरं पूर्णपणे आहे. माप नसल्यामुळे तुलना होत असेल, तर आपलं माप आपण ठरवलं पाहिजे.

ते माप म्हणजे समोरचं मूल. मुलाकडे बघून माप ठरवण्याचं हे काम मोठ्या पातळीवर बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी करून दाखवलं. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या. शहरातल्या बालवाडीशी ताडून पाहत बसल्या असत्या तर त्यांना ही मुलं फक्त मागासलेली दिसली असती. त्यांनी मुलांचा दिवस कसा जातो ते पाहिलं आणि शाळा त्याप्रमाणे बदलली. घरातही हेच करता येतं. माझं मूल झोपतं नीट का? घाबरलं तर माझ्याकडे येतं का? गेल्या वर्षी जमत नव्हतं असं काय त्याला आता जमतं? या प्रश्नांची उत्तरं आपल्याच घरात मिळतात.

उणेपणाचं भय उरतंच. त्याला ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी फार मोलाचं उत्तर दिलं आहे. मुलाला परिपूर्ण आई लागत नाही, पुरेशी चांगली आई लागते, असं ते म्हणत. सुरुवातीला ती तान्ह्याची जवळजवळ प्रत्येक गरज भागवते आणि त्याची सोसण्याची ताकद वाढेल तशी हळूहळू मागे सरते. त्या छोट्या छोट्या उणिवांतूनच मूल बाहेरच्या जगाशी जुळवून घ्यायला शिकतं.

याचा अर्थ दुसऱ्या पालकांकडे पाठ फिरवावी असा मुळीच नाही. त्यांच्याकडून जरूर शिकावं. ‘तुमची मुलगी मोबाईलशिवाय जेवते, तुम्ही कसं जमवलंत?’ हा प्रश्न कामाचा आहे. मिळालेला उपाय आपल्या घरात करून बघावा, मुलाला मानवला तर ठेवावा, नाहीतर सोडून द्यावा. ‘तिला जमतं, मग मलाच का नाही?’ या प्रश्नातून मात्र मुलाच्या पदरात काहीच पडत नाही. आपण चांगले आईबाप आहोत का, याचा निवाडा करायचा अधिकार शेजाऱ्यांना देऊ नये. तो आपल्या मुलाला द्यावा आणि त्यासाठी त्याच्याकडे नीट बघायला शिकावं.