मूल तुमचंच का?

 १ जुलै २०१४ रोजी डब्लिनमध्ये एक चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला आणि आयर्लंडच्या सरकारने रोमा या युरोपातल्या फिरस्त्या मानल्या जाणाऱ्या समाजाच्या दोन कुटुंबांची माफी मागितली. या कुटुंबांतली दोन मुले पोलिसांनी घरातून उचलून नेली होती. मुलांचे केस सोनेरी आणि डोळे निळे होते, आईबाप सावळे होते. पुढे २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना आठवडे बाजाराच्या गर्दीने मारहाण करून ठार केले. डब्लिनमध्ये कुणाचा जीव गेला नाही, राईनपाड्यात पाच संसार उद्ध्वस्त झाले. या दोन घटना एका मापात घालता येणार नाहीत, आणि आम्ही घालत नाही. पण ही माणसे मुले पळवतात हा समज दोन्हीकडे होता, आणि तो त्या माणसांच्या रंगारूपावरून, पेहरावावरून, जातीवरून आधीच तयार होता. त्याची तपासणी व्हायला हवी.

आयर्लंडचे प्रकरण तपशिलात सांगण्यासारखे आहे, कारण त्यात कुणीही राक्षस नाही. २०१३ च्या ऑक्टोबरात ग्रीसमध्ये फार्साला गावाजवळच्या रोमा वस्तीत पोलिसांना एक गोरीपान मुलगी दिसली. ती ज्या जोडप्याकडे होती ते तिचे जन्मदाते नाहीत असे निघाले आणि युरोपभर छायाचित्रे झळकली. ती एखाद्या गोऱ्या घरातून पळवलेली असणार, असे जवळपास सगळ्यांनी धरून टाकले. प्रत्यक्षात तिचे जन्मदाते बल्गेरियातले एक गरीब रोमा जोडपे होते, हे डीएनए चाचणीने थोड्याच दिवसांत सिद्ध झाले. पण त्या थोड्या दिवसांच्या आत आयर्लंडमध्ये व्हायचे ते होऊन गेले.

डब्लिनच्या टॅला उपनगरात एका रोमा घरात अशीच एक मुलगी आहे, असा निरोप कुणीतरी समाजमाध्यमावरून एका दूरचित्रवाणी पत्रकाराला पाठवला. त्याने तो पोलिसांकडे दिला. २१ ऑक्टोबरला पोलीस, म्हणजे तिथल्या बोलीत गार्डा, घरी गेले. मुलगी सात वर्षांची. आईबापांनी सांगितले, हिचा जन्म इथलाच, डब्लिनच्या कूम रुग्णालयातला. कागद दाखवले. पासपोर्टवरचा फोटो तान्ह्या बाळाचा होता, त्यावरून ओळख पटेना. रुग्णालयाकडे विचारणा झाली तर नोंद लगेच सापडेना. गार्डांनी १९९१ च्या बालसंगोपन कायद्याचे कलम १२ वापरले. मुलाच्या जिवाला किंवा हिताला तातडीचा आणि गंभीर धोका असेल आणि कोर्टात जाण्याइतका वेळ नसेल, तर वॉरंटशिवाय मूल ताब्यात घ्यायची मुभा हे कलम देते. दुसऱ्याच दिवशी देशाच्या मध्यावरच्या ॲथलोन गावात दोन वर्षांचा एक मुलगा असाच नेला गेला. तो एका रात्रीनंतर घरी परतला. टॅलाची मुलगी दोन रात्री परक्यांच्या हाती राहिली, आणि डीएनए जुळल्यावर २३ तारखेला परत आली. तोवर घरापुढे पत्रकारांची रांग लागली होती.

त्या घरात इतर भावंडेही होती आणि ती तिथेच राहिली. घर मुलांसाठी धोक्याचे होते, तर सोनेरी केसांचे एकच लेकरू का नेले? या एका प्रश्नात सगळे प्रकरण उघडे पडते. तातडीचा धोका म्हणून त्या अधिकाऱ्यांना जे दिसले, ते मुलीच्या आणि तिच्या आईच्या रंगातले अंतर होते.

बालहक्कांच्या लोकपाल एमिली लोगन यांना सरकारने चौकशीचे खास अधिकार दिले. त्यांनी पोलिसांच्या टिपणवह्यांपासून सगळे तपासले. टॅलाच्या प्रकरणात कुटुंबाच्या वंशाचा निर्णयावर इतका प्रभाव होता, आणि मूल नेण्याला वाजवी कारणाचा इतका अभाव होता, की ही वंशावरून केलेली पारख ठरते, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. एखादे राज्य आपल्याच पोलिसांना विचारते की तुम्ही रंग पाहून वागलात का, त्याचे उत्तर वर्षभराच्या आत छापून लोकांसमोर ठेवते आणि माफी मागते, ही साधी गोष्ट नाही. आयर्लंडच्या या कृतीबद्दल आम्हाला आदर आहे, आणि तो इथे नोंदवून ठेवतो.

आता वाचकांनी आपल्या मनाशी एक गोष्ट प्रामाणिकपणे तपासून पाहावी. मुंबईच्या सिग्नलवर किंवा पुण्याच्या स्टेशनबाहेर मळक्या लुगड्यातल्या एखाद्या बाईच्या कडेवर गोरे, घाऱ्या डोळ्यांचे मूल दिसते. मनात काय येते? हे हिचे नसणार. कुणाचे तरी पळवलेले असणार. अशा बाईचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरवणे म्हणजे पुण्यकर्म असे आपल्यापैकी अनेकांना वाटते, आणि फोटो पुढे ढकलणारे सुशिक्षित, मायाळू, नातवंडे असलेले लोक असतात. गोरेपणा म्हणजे चांगले घर, आणि चांगल्या घरातले मूल गरिबाच्या कडेवर असूच शकत नाही, हे गणित आपण आईच्या दुधाबरोबर शिकलेले आहोत. रोमांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी भारताच्या वायव्येकडून निघाले. टॅलातल्या त्या आईकडे गार्डा ज्या नजरेने पाहत होते, ती नजर तिच्या दूरच्या भाऊबंदांवर आपण इथे रोज रोखतो.

या संशयाला तोंड देणे सर्वांत अवघड असते, कारण तो मुलांच्या काळजीची वस्त्रे घालून येतो. काळजीला नाही कोण म्हणणार? मुलांची तस्करी खरी आहे, त्यांना पळवले जाते, भीक मागायला लावले जाते. पोलिसांनी चौकशी करू नये असे कुणीच म्हणणार नाही. पण चौकशी करणे आणि मूल उचलणे यांच्यामध्ये शाळा असते, दवाखाना असतो, शेजार असतो, कोर्ट असते. ज्याच्याविषयी मन आधीच ठरलेले असते त्याच्या बाबतीत या सगळ्या पायऱ्या ओलांडल्या जातात.

त्याच टॅलामध्ये १९ जुलै २०२५ च्या संध्याकाळी चाळिशीतल्या एका भारतीय माणसाला टोळक्याने गाठले, रक्तबंबाळ होईतो मारले आणि त्याचे कपडे काढले. तो आयर्लंडमध्ये येऊन काही आठवडेच झाले होते. लगोलग समाजमाध्यमांवर पसरवले गेले की तो लहान मुलांशी गैर वागत होता. ते खोटे होते, पोलिसांनी तसे सांगितले, पण ते सांगेपर्यंत अफवेचे काम झालेले होते. एक स्थानिक महिला त्याच्या मदतीला धावली, आणि पुढल्या आठवड्यात शेकडो टॅलावासी त्याच्या बाजूने रस्त्यावर चालले, हेही तितकेच खरे. १ ऑगस्टला डब्लिनच्या भारतीय दूतावासाला आपल्या नागरिकांना सावध राहण्याची सूचना काढावी लागली. त्यानंतर तीनच दिवसांनी वॉटरफर्डमध्ये घरासमोर खेळणाऱ्या भारतीय वंशाच्या सहा वर्षांच्या मुलीला मुलांच्या टोळक्याने मारले. मुलांच्या रक्षणाचा एवढा कैवार घेणाऱ्यांच्या देशात तिचे रक्षण त्या दिवशी कुणी केले नाही.

वॉटरफर्ड हे नाव मराठी माणसाला एरवी वेगळ्या कारणाने ठाऊक असावे. त्याच परगण्यातल्या डंगारव्हन गावच्या मिरियम हॉवेल या परिचारिकेने इंग्लंडमध्ये नोकरीत असताना मालवण तालुक्यातल्या वराडच्या घराण्यातल्या डॉ. अशोक वराडकरांशी लग्न केले. त्यांचा मुलगा लिओ १९७९ मध्ये डब्लिनला जन्मला आणि २०१७ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला. २०१९ च्या डिसेंबरात तो वराडला आला तेव्हा सिंधुदुर्गाने त्याला डोक्यावर घेतले, आणि ते योग्यच होते. पण मिश्र कुटुंबाविषयीचा आपला आनंद बहुधा तेवढ्यापुरताच असतो. पंतप्रधान झालेला मुलगा आपला. पंतप्रधान न झालेल्या, बागेत झोक्यावर बसलेल्या मुलाचे काय? बाप रत्नागिरीचा किंवा नागपूरचा, आई कॉर्कची, आणि मूल आईवर गेलेले. असा बाप रडणाऱ्या लेकीला उचलून बागेबाहेर नेऊ लागतो तेव्हा आजूबाजूच्या नजरा काय विचारतात, हे अशा घरांतून उघड बोलले जात नाही. लेक मात्र त्या नजरा पाहते.

आणि नजरांवर भागत नाही. २०१९ च्या सप्टेंबरात लिडल या दुकानसाखळीच्या आयर्लंडमधल्या जाहिरातीत एक खरेखुरे कुटुंब झळकले. आई आयरिश, बाप ब्राझील-ब्रिटन असा दुहेरी धागा असलेला, सोबत लहान मूल. जाहिरात किराण्याची. त्यावरून समाजमाध्यमांत त्यांच्यावर इतकी गरळ ओकली गेली, जिवे मारण्याच्या इतक्या धमक्या आल्या, की त्या जोडप्याने देश सोडला. ज्या देशाने सावळ्या रॉक गायक फिल लिनटचा पुतळा डब्लिनच्या हॅरी स्ट्रीटवर अभिमानाने उभा केला, नायजेरियन बापाच्या पॉल मॅग्राला फुटबॉलचा देव मानले, त्याच देशात हे घडले. मॅग्राचे बालपण अनाथालयांत गेले होते. आयरिश आईच्या पोटी सावळे मूल आले की ते संस्थेत टाकायचे, ही त्या देशाची कित्येक दशकांची रीत होती. त्या संस्थांत वाढलेली माणसे आज साठी-सत्तरीत आहेत आणि आपल्या बालपणाचा हिशेब अजून मागत आहेत.

सार्वजनिक जागेतली रोजची चौकशी याहून साधी दिसते. बेलफास्टहून डब्लिनला येणाऱ्या बसमध्ये सीमेजवळ गार्डा चढतात. आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यात आयरिश व ब्रिटिश नागरिकांना पासपोर्ट बाळगायची सक्ती नाही. परदेशी माणसाने मात्र मागितल्यावर कागद दाखवला पाहिजे. मग बसमधला परदेशी कोण, हे ओळखायचे कसे? ते चेहरा पाहून ठरते, अशी तक्रार सावळे आणि काळे प्रवासी कित्येक वर्षे करत आले आहेत. डब्लिनमध्ये जन्मलेला काळा मुलगा आपले नागरिकत्व सिद्ध करत बसतो आणि शेजारच्या गोऱ्या जर्मन पर्यटकाला कुणी विचारत नाही. परदेशी माणसाला कागद दाखवायला लावणारे २००४ च्या कायद्यातले कलम २०११ मध्ये उच्च न्यायालयाने मोघम म्हणून घटनाबाह्य ठरवले, आणि त्याच वर्षी ते दुरुस्त होऊन परत आले. चेहऱ्यावरून कोण निवडले जाते, हा मुद्दा तसाच राहिला.

आयरिश माणसाला हे समजावून सांगायची खरे तर गरज नसावी. १९७४ च्या बर्मिंगहॅम बाँबस्फोटांनंतर ब्रिटनने दहशतवादविरोधी कायदा आणला आणि होलीहेडच्या बंदरावर, लिव्हरपूलच्या धक्क्यावर आयरिश उच्चार हाच संशयाला पुरेसा ठरू लागला. बर्मिंगहॅमचे सहा निरपराध आयरिश १९९१ पर्यंत तुरुंगात सडले. त्याच साम्राज्याने १८७१ साली इकडे गुन्हेगार जमातींचा कायदा करून जन्मालाच गुन्हा ठरवले होते. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड हजेरी देणाऱ्या पिढ्या १९५२ मध्ये कागदावर मुक्त झाल्या. तरी आजही गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते. राईनपाड्यात ज्यांना मारले ते फिरस्ते होते. फिरणारा माणूस म्हणजे चोर, हे त्या कायद्याने शिकवलेले गावाने विसरायचे नाकारले आहे.

यावर उपाय म्हणून पोलिसांना संवेदनशीलतेचे वर्ग द्या असे म्हटले जाते. द्यावेत. पण त्याहून हिशेबी गोष्ट म्हणजे नोंद. इंग्लंडमध्ये रस्त्यावर झडती घेतली की कुणाची, कुठे, कशासाठी, आणि तो माणूस कोणत्या वंशाचा, हे लिहून ठेवावे लागते, आणि म्हणूनच तिथे काळ्या माणसांची झडती किती पटींनी जास्त होते हे दरवर्षी आकड्यांत मांडता येते. आयर्लंडने २०२१ मध्ये पोलिसांच्या अधिकारांवरच्या विधेयकाचा मसुदा काढला, त्यात झडतीच्या लेखी नोंदीची तरतूद होती. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २०१९ मध्येच वंशावरून पारख करण्यावर कायद्याने बंदी घाला असे त्या देशाला सांगितले आहे. २०२२ च्या जनगणनेत रोमांना पहिल्यांदा वेगळा रकाना मिळाला आणि ते १६,०५९ भरले. निदान ते आहेत एवढे तरी त्या देशाला आता आकड्यात माहीत आहे. पण त्यांच्यापैकी किती जणांना रस्त्यात थांबवले, हे विचारले तर उत्तर देणारी वही नाही.

आमच्या गृहखात्याला आमचे सांगणे आहे. १ जुलै पुन्हा येईल, राईनपाड्याच्या नावाने भाषणे होतील. त्याआधी प्रत्येक पोलीस ठाण्याने एक वही सुरू करावी. भटक्या-विमुक्तांच्या पालावर कधी गेलो, कुणाला उचलले, कोणत्या तक्रारीवरून, कोणत्या पुराव्यावर, आणि किती तासांनी सोडले. मूल तुमचेच का असे कुणाही आईला विचारले, तर ते कशावरून विचारले, हेही त्याच वहीत लिहावे. आणि वही जिल्हा न्यायाधीशांना दर तीन महिन्यांनी दाखवावी.