भुलीआधीचे भय

धार-देवास म्हटले की मराठी वाचकास पवारांच्या गाद्या आठवतात. आज आम्हांस त्या मुलखातील एका निराळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. धार जिल्ह्यातील राजगढ हे सरदारपूर तालुक्यातील लहानसे शहर. शेजारच्या मोहनखेडा तीर्थामुळे जैन यात्रेकरूंना ते परिचित आहे. तेथल्या एखाद्या मुलाच्या हृदयाला छिद्र निघाले किंवा दुभंगलेला ओठ शिवावयाचा झाला, तर आईबापांना बहुधा सुमारे शंभर किलोमीटरवरील इंदूर गाठावे लागते. निघताना मुलाला काय सांगितले जाते? ‘चल, राजवाडा दाखवतो, सराफ्यात खाऊ घेऊ.’ काणकोणहून वा सत्तरीहून बांबोळीस येणारे आईबाप याहून निराळे सांगत असतील, असे मानण्याचे कारण नाही.

हे असत्य मायेपोटी बोलले जाते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्याची किंमत मूल मोजते. खाऊची वाट पाहणाऱ्या त्या जिवाला उपाशी ठेवले जाते, अंगावरचे कपडे उतरविले जातात आणि अनोळखी माणसे त्याला आईच्या कडेवरून घेऊन दाराआड नेतात. त्यात आपल्या घरांतून ऐकू येणारी ती नेहमीची धमकी: ‘मस्ती केलीस तर डॉक्टरांकडे नेऊन सुई टोचायला सांगेन.’ चार-पाच वर्षांचे मूल आजाराला शिक्षा समजते, हे बालमानसशास्त्राने केव्हाच नोंदविले आहे. शस्त्रक्रियेचा दिवस उजाडतो तेव्हा आईची धमकी खरी झाली, एवढेच त्याला कळते. अशा मुलाला भूल देणे जड जाते; पुढे कित्येक रात्री ते दचकून उठते, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत येते.

या दुःखाची जाणीव जगालाही उशिराच झाली. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी एक चित्रपट केला. हर्नियाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस लंडनच्या रुग्णालयात राहिलेली दोन वर्षांची लॉरा त्यात दिसते. तिचे मुकाट राहणे पाहून अनेक डॉक्टर प्रथम संतापले. आपल्याकडची मुले आनंदात असतात, असा त्यांचा दावा होता. पुढे १९५९ साली अस्थिशल्यचिकित्सक सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने आईबापांना मुलास कधीही भेटू द्यावे, लहान मुलांच्या आयांना सोबत राहू द्यावे, अशी शिफारस केली. आपल्या सरकारी इस्पितळांत आई खाटेपाशीच असते. ते धोरणापेक्षा परिचारिकांच्या टंचाईमुळे घडते, ही गोष्ट वेगळी! पण शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी तिचे काय करावयाचे, याचा विचार क्वचितच झालेला असतो.

तयारीला फारसा खर्च लागत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलास आठवडाभर आधी सांगावे; तीन-चार वर्षांच्यास एक-दोन दिवस आधी पुरे, कारण त्याहून आधी सांगितल्यास ते नुसतेच कुढत बसते. ‘मुळीच दुखणार नाही’ असे वचन देऊ नये. ‘जागा झाल्यावर थोडे दुखेल, दुखण्यावर औषध आहे, आणि मी तिथेच असेन’ असे सांगावे. मात्र यातले शेवटचे वाक्य इस्पितळास विचारल्यावाचून उच्चारू नये. घरातली वाटी नाकाशी धरून भुलीच्या मुखवट्याचा खेळ खेळता येतो. बाहुलीला आधी भूल द्यावी, मग आपण घ्यावी. उपाशी राहण्याचे कारणही मुलाला कळते: भुलेत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. हे कारण आजीलाही समजावून सांगावे, अन्यथा कळवळून ती हळूच बिस्कीट देणार आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागणार. साधे पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालते. ते केव्हापर्यंत द्यावे, हे भूलतज्ज्ञांना विचारून घ्यावे. उगाच रात्रभर कोरडे ठेवू नये.

राहिला शासनाचा भाग. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे अंगणवाड्या-शाळांतून मुले तपासली जातात. जन्मदोष, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब शोधून मोफत उपचारांची वाट खुली केली जाते. योजना उत्तम आहे. पण या चार शब्दांत भयाला जागा नाही. धारच्या पाड्यावरचे मूल भिली बोलते, इंदूरच्या वॉर्डात हिंदी चालते. त्याची समजूत घालणार कोण? दोष शोधणाऱ्या पथकानेच, किंवा गावच्या आशाताईने, निघण्यापूर्वी त्या घरी अर्धा तास बसावे आणि मुलाच्या बोलीत सारे सांगावे. इस्पितळांनी भूल चढेपर्यंत आईस किंवा बापास शक्य तेथे आत येऊ द्यावे. पुष्कळ मुले त्याने शांत राहतात. सर्वच नव्हे, कारण घाबरलेल्या आईचे भय मुलासही लागते. तेव्हा अर्ध्या तासातली दहा मिनिटे तिच्यासाठीही ठेवावीत.