एक दुर्लक्षित ध्वनिमुद्रिका

अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या सोल संगीताच्या रसिकांना मार्व्हिन गे यांची १९७१ची ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ ठाऊक असते. मोटाउननेच वर्षभर आधी काढलेली ‘फोर टॉप्स’ या चौकडीची ‘स्टिल वॉटर्स रन डीप’ मात्र विस्मृतीत गेली, हा मला अन्याय वाटतो. गे यांच्या त्या शीर्षकगीताचे एक सहलेखक ओबी बेन्सन याच चौकडीतले! मुख्य गायक लीव्हाय स्टब्स एरवी टाहो फोडून गात. आम्हां बालरोगतज्ज्ञांना तो स्वर परिचयाचाच. येथे निर्माते फ्रँक विल्सन यांनी तो आवाज संयत केला आणि त्यातील व्याकुळता अधिकच जाणवू लागली. ‘इट्स ऑल इन द गेम’ आवर्जून ऐकावे. त्याची चाल १९११ साली रचणारे चार्ल्स डॉझ पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. पहिले व शेवटचे गीत ही ‘स्टिल वॉटर’चीच दोन रूपे असल्याने क्रम मात्र मोडू नये.