गाडी उचलली म्हणून खड्डा बुजत नाही

शनिवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हल्ली एक दृश्य हमखास दिसतं. गाडी जॅकवर, चाक बाजूला काढलेलं, मोबाइलवर व्हिडिओ चालू आणि आपल्यातलाच कुणीतरी आयटीवाला बर्म्युडा घालून स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचा जाडजूड बफर कोंबतोय. काय चाललंय विचारलं की उत्तर ठरलेलं. "सस्पेन्शन अपग्रेड करतोय रे. रस्ता काय आपल्या हातात नाही, गाडी तर आहे!"

हे वाक्य मीही म्हटलेलं आहे, म्हणून त्यावर बोलायचा मला हक्क आहे.

दोन वर्षांपूर्वी नवरात्रात आईला वज्रेश्वरीला न्यायचं होतं. भिवंडी ते अंबाडी नाका हा रस्ता ज्यांनी पावसाळ्यानंतर पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. आदल्या दिवशी मी साबणाचं पाणी लावून मागच्या दोन्ही स्प्रिंगांत बफर बसवले. गाडी मागून थोडी उंच झाली, मी खूश. अंबाडी येईपर्यंत मागच्या सीटवर आईने दोनदा कंबर धरली. देवीच्या ५२ पायऱ्या चढताना मध्येच थांबून म्हणाली, "तुझी गाडी आधी बरी होती रे." सगळ्या अपग्रेडचा टेस्ट रिपोर्ट एवढाच, आणि तो शंभर टक्के बरोबर होता.

का ते सांगतो. सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगचं काम धक्का साठवण्याचं. शॉकअब्सॉर्बरचं काम तो साठवलेला धक्का तेलातून रगडून, उष्णता करून संपवण्याचं. दोघांची जोडी कंपनीने जुळवून दिलेली असते. दोन वेढ्यांच्या मध्ये रबर कोंबलं की तेवढा भाग दबेनासा होतो, म्हणजे उरलेली स्प्रिंग कडक होते. पण शॉकअब्सॉर्बर तोच! कडक स्प्रिंग जोरात उसळते, तिला आवरायची ताकद त्याच्यात नाही. खड्डा लागल्यावर गाडी एकदा दणकते आणि मग वर हे उडते. गाडी भरलेली असेल तर फरक कमी जाणवतो. एकटी आई मागे बसली असेल तर सगळा तिच्या मणक्यात जातो. ओल्या रस्त्यावर चाक जमिनीला चिकटून राहणं हेच ब्रेकचं भांडवल, तेही कमी होतं.

पुढच्या स्ट्रटवर २० मिलिमीटरचा स्पेसर टाकणारे तर याहून शूर. गाडी उंच होते तसा ड्राइव्हशाफ्टचा कोन वाढतो, चाकांचं अलाइनमेंट बिघडतं, टायर एका बाजूने झिजतात. आणि त्या स्ट्रटची स्प्रिंग घरी दाबून उघडायची म्हणजे दोन-तीनशे किलोच्या जोराने दाबलेली वस्तू तोंडासमोर धरून बसायचं. कॉम्प्रेसर सटकला तर कंट्रोल-झेड नसतो महाराजा. आणखी एक गोष्ट बहुतेक व्हिडिओत नसते. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट चाक हवेत लटकत असताना पूर्ण आवळायचे नसतात, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर आवळायचे. नाहीतर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो.

बरं, हे झालं तांत्रिक. माझा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे.

सस्पेन्शन अपग्रेडची कल्पना आपण काढलेली नाही. भिवंडीची गोदामं आणि वाड्याचे कारखाने यांच्यामध्ये धावणाऱ्या ट्रककडे नीट बघा. जास्त माल भरता यावा म्हणून कमानीत एखादा पाटा वाढवून घेणं हा जुना उद्योग आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवून मोठ्या चाचण्या झाल्या. त्यातून निघालेला नियम असा, की रस्त्याची झीज आसावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. आसावर २० टक्के जादा वजन म्हणजे झीज दुप्पट. २०१८ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने चार टायरच्या एका आसाची कायदेशीर मर्यादाच १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. चौथा घात काढून बघा, झीज सुमारे ६० टक्क्यांनी जास्त. त्यावर आपल्याकडचा पाऊस आणि पाणी जायला गटार नाही. पाणी डांबराखाली शिरतं, वरून आस आदळतो, खड्डा तयार.

म्हणजे ट्रकवाला पाटा वाढवतो, रस्ता फुटतो, मग आपण बफर घालतो. प्रत्येकाने आपापली गाडी सुधारली आणि रस्ता तसाच. वीज गेली, इन्व्हर्टर घेतला. पाणी खराब, फिल्टर लावला. रूट कॉज कोणी बघायचं नाही, प्रत्येकाने आपल्या मशीनवर पॅच मारायचा. ऑफिसात ज्युनियरने असं केलं तर आपण त्याला कोड रिव्ह्यूमध्ये सोलून काढतो!

आणि पॅच मारता येतो फक्त चारचाकीवाल्याला. २०१९ मध्ये याच भिवंडी-वाडा रस्त्यावर खड्ड्यामुळे स्कूटरवरून पडून एका तरुण मुलीचा जीव गेला. तिने कुठला स्पेसर लावायचा होता? आपण काचा वर करून, एसी लावून, उंच गाडीतून तो खड्डा ओलांडतो तेव्हा तक्रार करू शकणारा एक माणूस कमी होतो. मला बोचतं ते हे.

आता कायद्याची गंमत बघा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२-अ आहे. गाडीत परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. रबराचा बफर त्यात बसतो का, यावर वाद घालता येईल. अपघातानंतर विमा कंपनीशी तो घालायची तयारी ठेवा. त्याच दुरुस्तीत कलम १९८-अ आहे. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला दंड एक लाखापर्यंत. कैद नाही. स्प्रिंग बदलणाऱ्याला तुरुंग, रस्ता बिघडवणाऱ्याला पावती.

"मग काय खड्डे खात बसू?" असं तुम्ही विचाराल. तर नाही. गाडी मूळ होती तशी करा. दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलीच हवा टायरमध्ये भरा. शॉकअब्सॉर्बरवर तेल ओघळलंय का ते बघा, असेल तर डावा-उजवा जोडीने बदला, तोही गॅरेजमध्ये. लिंक रॉड आणि बुश तपासून घ्या. माझ्या गाडीचे मागचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर मेलेले निघाले. मी त्यांच्यावर बफरचं पांघरूण घालत होतो.

आणि वाचलेल्या दोन तासांत एक अर्ज लिहा. माहिती अधिकारात, फी १० रुपये. रस्त्यालाही वॉरंटी असते, तिला दोष दायित्व कालावधी म्हणतात. त्या काळात दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. विचारा: या तुकड्याचं काम कुणाचं, कालावधी कधी संपतो, दुरुस्ती कधी झाली, कुणाच्या पैशाने. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई देण्याचा आदेश दिला. असे आदेश वापरायचे तर हातात कागद लागतो.

मी अंबाडीपर्यंतच्या रस्त्यासाठी अर्ज टाकलाय. उत्तर आलं की इथेच सांगेन. बफर अजून डिकीत पडलेत, कोणाला हवे असतील तर... नकोच, जाऊ दे. आईला यंदाही जायचंय.