डोलकाठीवर की मागच्या खांबावर?

‘वर लावू की मागे?’

रात्री साडेअकराला फोन करून कोणी असं विचारलं तर तुम्हाला काय वाटेल? मला वाटलं, डिश अँटेना. पण दादाला, म्हणजे माझ्या आतेभावाला, रडारविषयी बोलायचं होतं. त्याने दोन मित्रांबरोबर भागीत एक ३३ फुटी सेकंडहॅण्ड शिडाची यॉट घेतलीय. ती गेटवेसमोर मुरिंगवर डुलत असते. बाकीचं पब्लिक वीकएण्डला लोणावळा गाठतं, हा माणूस मांडवा गाठतो, तेही वाऱ्यावर. ‘वाऱ्यावर जाणं म्हणजे उशिरा पोचणं’, ही वहिनीची व्याख्या.

रडारचं खूळ मात्र हौसेतून आलेलं नाही. जानेवारीतल्या एका रात्री तिघं मांडव्याहून परतत होती. दादा, वहिनी आणि सात वर्षांचं चिरंजीव. हवेत तो मुंबईचा थंडीतला धुरकट पडदा. दिवे दिसत होते, पण कुठला जहाजाचा आणि कुठला किनाऱ्याचा, ते कळत नव्हतं. आणि एकदम समोर एक लाकडी मच्छीमार होडी. दिवा नाही, काही नाही. दोन बोटींच्या लांबीएवढ्या अंतरावरून ती सरकत गेली. दादाने सुकाणू फिरवलं, खाली झोपलेलं पोर बंकवरून घरंगळलं. घरी आल्यावर वहिनी शांतपणे म्हणाली, ‘रात्री पुन्हा त्याला घेऊन जायचं नाही. गोवा विसर.’

गोवा म्हणजे दादाचं गेल्या चार वर्षांचं स्वप्न. सव्वादोनशे नॉटिकल मैलांच्या आसपास, म्हणजे न थांबता गेलं तरी दोन रात्री. झालं, रडार घ्यायचं ठरलं. पण ठेवायचं कुठे?

तुम्ही म्हणाल, त्यात काय, उंच लावा, लांबचं दिसेल. मीसुद्धा हेच म्हटलं. मग दादाने मला कागदावर गणित घातलं (कॉमर्सचा माणूस, हिशेब मांडल्याशिवाय त्याला झोप येत नाही). रडारचं क्षितिज काढायचा ढोबळ फंडा असा : उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, २.२ ने गुणा. डोलकाठीवर ९ मीटरवर लावलं तर साडेसहा मैल. मागच्या बाजूला खांब उभारून ४ मीटरवर लावलं तर ४.४ मैल. त्यात समोरच्याच्या उंचीचं क्षितिज मिळवायचं. मोठी जहाजं उंच असतात, त्यामुळे ती दोन्हीकडून बऱ्यापैकी लांबून दिसतात. आणि भीती कोणाची वाटते? त्या बिनदिव्याच्या होडीची. ती लाकडाची, बुटकी. लाटांच्या गर्दीत तिचा प्रतिध्वनी कसाबसा परततो. ती दोनेक मैलांवरून दिसली तरी नशीब. तिच्यासाठी जास्त उंचीचा फारसा उपयोग नाही. एआयएस नावाचं यंत्र जहाजांची नावं स्क्रीनवर दाखवतं खरं, पण ते ज्याच्याकडे आहे त्यालाच दाखवणार ना?

उलट उंचीचा तोटा असा, की जवळचं सुटतं. छोट्या रडारचा झोत उभ्या दिशेत साधारण २५ अंशांचा असतो, अर्धा वर, अर्धा खाली. ९ मीटरवरून तो पाण्याला टेकतो चाळीसेक मीटरवर, ४ मीटरवरून अठरा मीटरवर. जाळ्याचे बोये, छोट्या होड्या याच पट्ट्यात तर असतात!

आणि मुख्य सीन पुढे आहे. शिडाची बोट सरळ चालत नाही, कलून चालते. ती २० अंश कलली की रडारही कलतं. वाऱ्याकडच्या बाजूला झोत आकाश बघतो, दुसऱ्या बाजूला पाणी. त्या कुशीला रडार जवळजवळ आंधळंच. म्हणून खाली आपोआप समतल राहणारं बूड बसवतात. डोलकाठीवरही बसतं ते, पण वर आणखी वजन, आणखी हलते भाग. शिवाय पुढचं शीड दिशा बदलताना प्रत्येक वेळी त्या घुमटावर घासणार, केबल डोलकाठीच्या पोटातून खाली उतरवावी लागणार.

वजनाचं काय, विचारलं तर दादा हसला. आठ किलोचा डबा ९ मीटरवर म्हणजे बोटीला ७२चा हिसका, ४ मीटरवर ३२चा. खांबाचं स्वतःचं वजन धरूनसुद्धा मागची जागा परवडते. आमचे तांडेल काका गणितात न पडता म्हणाले, ‘साहेब, डोकं जड केलंत तर ती झुलणार. न्‌ बिघडला तर वर चढणार कोण? मी नाय.’

दादा अभिलाष टॉमींचा फॅन आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळाने त्यांच्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली. डोलकाठी गेली की तिच्यावरचं सगळंच जातं, हे दादाला तेव्हापासून टोचत होतं.

मागच्या खांबालाही खोड्या आहेत हं. कॉकपिटमध्ये उभ्या माणसाच्या डोक्यावरून झोत गेला पाहिजे, विशेषतः जुन्या मॅग्नेट्रॉनच्या रडारचा. होकायंत्रापासून अंतर ठेवायला हवं. आणि बरोब्बर नाकासमोर डोलकाठीची बारीक सावली पडते. खांब मधोमध न ठेवता उजवीकडे सरकवला की सावलीही थोडी बाजूला जाते.

शेवटी खांबच. बसवून देणाऱ्याने पहिल्यांदा आखूड पाइप आणला, परत पाठवला, तीन आठवडे गेले. मग मार्चमधल्या एका संध्याकाळी आम्ही सगळे निघालो, पोराला आजीकडे ठेवून. बंदरातली नांगरलेली जहाजं स्क्रीनवर लठ्ठ ठिपके. मच्छीमार होड्या मात्र अंधुक. एखादी दिसायची, लाटेआड जायची, पुन्हा दिसायची. एक तर वहिनीने आधी डोळ्यांनी पाहिली, मग ती स्क्रीनवर आली. दादा गप्प.

मी उगाच माहिती पुरवली, की ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलीजा-३’ आदळल्या, तेव्हा दोन्हींवर रडार होतंच, आणि तेही दिवसाढवळ्या. दादाने माझ्याकडे असं पाहिलं की मी चिवड्याचा डबा उघडला.

गोव्याची तारीख अजून ठरलेली नाही. पण वहिनीने परवा अट सांगितली : रात्रीच्या पाळीत स्क्रीनपुढे ती बसणार, दादाने बाहेर अंधारात बघत बसायचं. पोराचं लाइफजॅकेट तिने ऑर्डर केलंय.