आशाताईंना आणखी दोन प्रश्न विचारायला शिकवा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



आजारांचा धोका ओळखण्यासाठी आशाताई घरोघरी जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात साठी ओलांडलेल्यांसाठी विसरण्याबद्दल एक प्रश्न आहे: जवळच्यांची नावं किंवा स्वतःच्या घरचा पत्ता विसरता का? अल्झायमरचा संशय यायला तो उपयोगी आहे. पण मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होऊन येणारा स्मृतिभ्रंश बहुतेकदा नावं विसरण्यापासून सुरूच होत नाही. अल्झायमरखालोखाल आढळणारा हा प्रकार त्या प्रश्नातून निसटतो.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो. हा ऑक्सिजन मेंदूत खोलवर पोचवणाऱ्या रक्तवाहिन्या केसासारख्या बारीक. वर्षानुवर्षं चढलेलं बीपी, शुगर, तंबाखू यांनी त्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, आतली वाट अरुंद होते. एखादी बंद पडली की मसुराएवढा भाग मरतो. तोंड वाकडं होत नाही, हात लुळा पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताही लागत नाही. असं पुन्हा पुन्हा होतं आणि मेंदूच्या भागांना जोडणारे तंतू झिजत जातात. मग जन्मभर स्वयंपाक केलेली आजी फोडणी आधी की भाजी आधी, यात अडखळते. आजोबांना बँकेची स्लिप भरता येत नाही. पावलं आखूड पडतात, लघवी आवरत नाही. नातवंडांची नावं मात्र दोघांनाही पाठ! घरचे म्हणतात, वय झालं.

मेलेला भाग परत मिळत नाही. पुढची झीज मात्र कमी करता येते. अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट माइंड’ अभ्यासात (२०१९) वरचं बीपी १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न झालेल्या गटात बुद्धीची सौम्य घसरण १९ टक्क्यांनी कमी आढळली. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशातली घट त्यात सिद्ध झाली नाही, हेही सांगायला हवं. तरी बीपीच्या गोळीकडे मेंदूचं औषध म्हणून पाहायला एवढं पुरेसं आहे, असं माझं ठाम मत आहे.

फॉर्म केंद्राचा असला, तरी आशाताईंचं प्रशिक्षण तुमच्या विभागाकडे आहे. नेहमीची कामं क्रमाने जमतात का आणि चाल मंदावली आहे का, एवढं त्यांना विचारायला शिकवा. उपकेंद्रात बीपीच्या गोळ्या एकही महिना संपू देऊ नका, आणि त्या घ्यायला तारखेला न आलेल्या रुग्णाच्या घरी माणूस पाठवा.

आपली,
एक नागरिक